जुन्या फर्निचरची मागची बाजू

जुनं फर्निचर विकत घेणं मला आजही शहाणपणाचं वाटतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या टेबलात जसं गाभ्याचं पक्व सागवान सापडतं, तसं आज नव्याने घ्यायला गेलं तर मध्यमवर्गीय घराला परवडत नाही. प्लायवर सनमायका चिकटवून केलेलं कपाट एका घरातून दुसऱ्या घरात नेताना खिळखिळं होतं. भोकात कुसू बसवून केलेले सांधे मात्र चार घरं फिरून आले तरी घट्ट राहतात. शिवाय ज्या झाडाचं टेबल होऊन गेलं आहे, ते आणखी एक-दोन पिढ्या वापरलं, तर तेवढ्यापुरतं दुसरं झाड तोडावं लागत नाही. ठाण्यात घर घेतलं तेव्हा या विचारानेच मी ठरवलं होतं, की शक्य तेवढं सामान जुनंच घ्यायचं.

विचार बरोबर होता, पण घेण्याची पद्धत चुकली. मुंबईचा चोरबाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींमधली घरं, या सगळीकडून मी वस्तू आणल्या. त्यातल्या कित्येक वस्तूंनी मला बरंच काही शिकवलं. पण ते शिक्षण महाग पडलं, आणि एकदा तर त्याची किंमत माझ्या मुलीला मोजावी लागली असती. जुन्या सामानाचे सुंदर फोटो सगळीकडे दिसतात. ते घेताना काय चुकतं हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली मोठी खरेदी कपाटाची. चोरबाजारातली दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी सकाळी गल्ल्यांमध्ये रस्त्यावरच जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, एवढी माहिती मी काढली होती. लाकडाची माहिती मात्र काढली नव्हती. एका दुकानात दोन दारांचं उंच कपाट दिसलं. दारांवर कोरलेली वेल, वर जाळीदार पट्टी, पितळी मुठी. दुकानदार म्हणाला, "पुराना सागवान है बहनजी, अंग्रेज के टाइम का." मी दारावरून हात फिरवला. लाकूड खरोखर जुनं होतं, गुळगुळीत, किंचित तेलकट, सोनेरी तपकिरी. मी तिथेच पैसे दिले.

पावसाळा संपता संपता कपाटाखाली पिठासारखी बारीक पूड दिसायला लागली. झाडून काढली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच पडलेली असायची. मला वाटलं, वाळवी लागली. सुतारकामाचे मिस्त्री आले, त्यांनी कपाट भिंतीपासून ओढून पुढे घेतलं आणि पाठीमागच्या फळ्यांवर टॉर्च मारला. टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं. "ताई, ही वाळवी नाही, भुंगा आहे," ते म्हणाले. "आणि हे लाकूड जुनं असतं, तर भुंग्याला त्यात खायला काही उरलंच नसतं."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. पूड पाडणारे हे भुंगे लाकडातल्या पिठूळ अंशावर, म्हणजे स्टार्चवर जगतात. तो असतो सालीलगतच्या फिकट लाकडात, आणि तोही लाकूड ताजं असताना. वर्षं उलटतात तसा तो कमी होत जातो, त्यामुळे फार जुन्या लाकडाला हा किडा सहसा नव्याने लागत नाही. सागाच्या गाभ्याला तर तो जवळजवळ जातच नाही. म्हणजे दारं जुन्या सागवानी कपाटाची होती, पण सांगाडा आणि पाठ नव्या, स्वस्त, सालीकडच्या लाकडाची होती आणि तिला गडद रंग चढवलेला होता. जुन्या दर्शनी भागाला नवं धड जोडायचं आणि सगळं मिळून जुनं म्हणून विकायचं, ही या धंद्यातली जुनी रीत आहे.

ती ओळखण्याच्या खुणा माझ्यासमोरच होत्या. पाठीच्या फळ्यांना फुलीच्या खाचेचे स्क्रू होते. असे स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर अमेरिकेत रूढ झाले आणि मग जगभर पसरले. त्याआधीच्या कपाटात एकाच सरळ खाचेचे स्क्रू असायला हवेत. एखादा फुलीचा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीत आला असू शकतो, पण सगळेच तसे असतील तर विचारायला हवं. सांध्यांतून पांढरट गोंदाचे ओघळ सुकलेले होते. पूर्वीचे सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस गरम करून वापरत. फेव्हिकॉल आपल्याकडे आलं 1959 मध्ये. खणांच्या कोपऱ्यांतले दाते यंत्राने कापल्यासारखे एकसारखे होते. हाताने कापलेल्या दात्यांत थोडा कमी-जास्तपणा राहतोच. यातलं काहीही पाहायला मला विशेष ज्ञान लागलं नसतं. कपाट पुढे ओढून मागून पाहायला हवं होतं, एवढंच. दुकानदार खोटं बोलला हे खरं, पण मी एकही प्रश्न विचारला नाही, हेही तितकंच खरं. शेवटी सांगाडा नव्याने करावा लागला आणि त्यात कपाटाच्या किमतीएवढेच पैसे पुन्हा गेले.

या अनुभवाने मी सावध झाले, पण चुकीच्या दिशेने. आता डुगडुगणारी, ओरखडे पडलेली प्रत्येक वस्तू मला संशयास्पद वाटायला लागली. तेव्हाच एक इराणी हॉटेल बंद होत होतं आणि त्याच्या खुर्च्या विकायला निघाल्या होत्या. वाकवलेल्या लाकडाच्या, गोल बैठकीच्या त्या खुर्च्या मुंबईकरांना सांगायला नकोत. मी एक हलवून पाहिली, ती डगमगली, म्हणून सगळ्याच सोडून आले.

पुढे वाचलं तेव्हा काय घालवलं ते कळलं. या घाटाच्या खुर्चीचा मूळ नमुना मिखाएल थोनेट यांनी व्हिएन्नात 1859 मध्ये काढला. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून ते साच्यात वाकवत. सबंध खुर्ची सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यातच उभी राहायची. सुट्ट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून त्या बोटीने जगभर गेल्या. ज्या खुर्चीचा जीवच स्क्रूमध्ये आहे, ती वर्षानुवर्षांच्या वापराने डगमगणारच, आणि स्क्रू आवळला की पुन्हा ताठ उभी राहणार. चिकटवलेला, कुजलेला सांधा डगमगणं वेगळं आणि सैल झालेला स्क्रू डगमगणं वेगळं. खुर्ची उलटी करून पाहिली असती, तर स्क्रू दिसले असते. कदाचित बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचा छापही दिसला असता. मी ती तपासली नाही, फक्त हलवली. कपाट न तपासता घेतलं होतं, खुर्च्या न तपासता सोडल्या.

तिसरी चूक आरामखुर्चीची, आणि ती सर्वस्वी माझी. पुण्यातल्या एका वाड्यातली, लांब हातांची, वेताने विणलेली ती आरामखुर्ची खरी होती, चांगल्या सागाची होती. तिच्या हातांवर गरम कपांच्या पांढऱ्या गोल खुणा होत्या आणि पॉलिश काळवंडलं होतं. मी ती पार काचपेपरने घासून काढली आणि वर चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारून घेतलं. खुर्ची शोरूममधल्यासारखी दिसायला लागली. घरी आलेल्या एका जुन्या पॉलिशवाल्या काकांनी ती पाहिली आणि फक्त विचारलं, "आधी लाखेचं होतं ना?"

लाखेचं पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या पुरचुंडीने एकावर एक चढवलेले पातळ थर. आपल्या देशात ही लाख प्रामुख्याने झारखंडच्या जंगलातून येते. या पॉलिशचा मोठा गुण असा, की ते पुन्हा जिवंत करता येतं. नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, आणि कपांच्या पांढऱ्या खुणाही बऱ्याचदा स्पिरिटच्या हलक्या हाताने जातात. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहिला आणि पॉलिश मऊ पडलं, तर ते लाखेचं समजावं. पीयूचं तसं नाही. ते टणक असतं, पाण्याला दाद देत नाही, पण एकदा ओरखडलं की बहुतेक वेळा सगळंच काढून पुन्हा करावं लागतं. काही तासांचं काम असताना मी कित्येक वर्षांच्या हातांनी तयार झालेला रंग घासून काढला. तो परत आणता येत नाही. काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली: लाखेचं काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत थर दुधाळ होतो. "गणपतीच्या आधी करून द्या" म्हणून पॉलिशवाल्याच्या मागे लागणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवायला हवं.

आता जी चूक सांगते, ती सांगताना मला आजही त्रास होतो. मुलगी दीड-दोन वर्षांची असताना जुन्या बाजारात तिच्यासाठी एक बुटकं लाकडी टेबल आणि खुर्ची घेतली. पिवळा आणि लाल ऑइलपेंट, जागोजागी पोपडे सुटलेले. घरी आणून गॅलरीत बसून मी तो रंग कोरडाच घासून काढायला सुरुवात केली. पूड उडत होती, मुलगी आत-बाहेर करत होती, खाली पडलेले पोपडे तिला खेळायला सापडत होते. नेहमीच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेले तेव्हा सहज बोलता बोलता हे सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि तिची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यायला सांगितली.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत ते विशेष जास्त असायचं, कारण ते रंग बऱ्याचदा शिशाच्या क्रोमेटपासून बनत. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग इतकी ठरवणारा नियम 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या लाकडात किती शिसं असेल, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. लहान मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात, आणि त्यांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो बऱ्याच अंशी भरून येत नाही. रक्तात शिशाचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही.

मुलीच्या रक्तातलं प्रमाण काळजी करण्याइतकं निघालं नाही. पण अहवाल येईपर्यंतचे दिवस मी विसरलेले नाही. ज्या दुकानदाराने खोटं सांगितलं त्याच्यावर मी रागावू शकले. इथे रागवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्यानंतर घर ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसलं, ते टेबल काढून टाकलं. रंगवलेलं जुनं सामान घरी लहान मूल किंवा गरोदर बाई असताना घेऊच नये, असं माझं आता ठाम मत आहे. घेतलंच तर कोरडं घासू नये. रंग काढायचाच असेल, तर पृष्ठभाग ओला ठेवून, चांगला मास्क लावून, मुलांना दुसरीकडे पाठवून काढावा, आणि पूड झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

काही चुका लहान होत्या, त्या थोडक्यात सांगते. एक सोफा कापडासकट घेतला आणि त्याबरोबर ढेकूण आले. ढेकूण काही न खाता कित्येक महिने जगतात, त्यामुळे "सोफा बरेच दिवस गोदामात होता" या वाक्याला काही अर्थ नसतो. आता गादीचं सामान घेतलं, तर फक्त लाकडी सांगाडा घेते. काथ्या, स्पंज, कापड सगळं नवं. एक दिवाण आमच्या जिन्याच्या वळणावर अडकला आणि अखेर हमालांनी दोर लावून तो गॅलरीतून वर ओढला. वाड्यांच्या उंच खोल्यांसाठी घडवलेली वस्तू आपल्या लिफ्टमध्ये, जिन्यात आणि दारात मावेल का, हे मोजपट्टीने आधी पाहायचं असतं. मी फक्त दिवाणखान्याची भिंत मोजली होती.

शेवटची चूक पैशांची नाही. ठाण्यातली एक जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. तिथल्या एका आजी-आजोबांना जेवणाचं टेबल आणि खुर्च्या विकायच्या होत्या. शिसवाचं टेबल, जड, गडद, खाली काळ्या रेषांची नस स्पष्ट दिसत होती. इतक्या अनुभवानंतर मला लाकूड कळत होतं, आणि या वेळी मी वस्तू नीट उलटसुलट करून पाहिली होती. त्यांनी बारा हजार सांगितले. मी वाकलेल्या पायाकडे बोट दाखवलं, वेत तुटल्याचं दाखवलं, आणि घर सोडायची तारीख जवळ आली आहे हे मनात धरून थांबून राहिले. चार हजारांत सौदा झाला. आजी म्हणाल्या, "न्या. भंगारवाल्यापेक्षा तुम्ही बऱ्या."

त्या रकमेत तेवढं शिसव विकतही मिळालं नसतं. मला ते माहीत होतं आणि त्यांना नव्हतं, आणि या फरकाचा मी फायदा घेतला. चोरबाजारातल्या दुकानदाराने माझ्याशी जे केलं, त्यापेक्षा हे काही वेगळं नव्हतं. पुढे थोड्या महिन्यांनी मी कमी दिलेले पैसे द्यायला गेले तेव्हा इमारत पाडली गेली होती आणि त्यांचा पत्ता मला मिळाला नाही. वस्तूची मागची बाजू पाहायला शिकले होते, पण वस्तू ज्यांच्या घरातून येते त्यांच्याकडे मी पाहिलं नव्हतं.

अशा घरांसाठी विकण्याची दुसरी वाटही आहे. काही व्यापारी वस्तू लगेच विकत न घेता दुकानात ठेवून घेतात. ती विकली गेली की आपलं कमिशन कापून उरलेली रक्कम मालकाला देतात. वेळ असेल, तर मालकाला यात एकदम विकण्यापेक्षा जास्त मिळू शकतं. पण त्यातही मी एकदा चुकले. माझ्या आजीच्या घरातली काचेची हंडी एका दुकानात तोंडी बोलीवर ठेवली. ती विकली गेली नाही, आणि परत आली तेव्हा काच तडकलेली होती. कमिशन किती, कमीत कमी किंमत किती, वस्तू किती महिने ठेवायची, नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा आणि मोडतोड झाली तर जबाबदारी कुणाची, यातलं काहीच आम्ही लिहून घेतलं नव्हतं. एक चिठ्ठी आणि चार बाजूंनी काढलेले फोटो एवढ्यावर ते निभावलं असतं.

एवढ्या चुकांनंतरही आमच्या घरातलं बहुतेक सामान जुनंच आहे. आता मी दुकानात दिवसाच्या उजेडात जाते, मोजपट्टी, टॉर्च आणि एक लोहचुंबक बरोबर नेते. मुलामा दिलेल्या लोखंडी मुठी "पितळी" म्हणून विकल्या जातात, त्यांना चुंबक चिकटतं. खण पूर्ण बाहेर काढते, खालची फळी पाहते, पाय आणि पाठ पाहते, ताजी पूड आहे का ते बघते. दुरुस्तीचा खर्च आधी सुताराला विचारते आणि तो किमतीत धरते. ज्याचा खर्च सांगता येत नाही, ती वस्तू कितीही आवडली तरी घेत नाही. आणि विकणारं घर असेल, तर बाजारात त्या लाकडाला काय भाव आहे तो मी त्यांना आधी सांगते आणि मगच बोलणी सुरू करते.

जुनं जरूर घ्या. आपल्या शहरांत रोज घरं रिकामी होत आहेत आणि चांगलं लाकूड भंगाराच्या भावाने चाललं आहे. ते वाचवणं हे खरोखर चांगलं काम आहे. पण पैसे देण्याआधी वस्तू उलटी करा, तिची पाठ पाहा, रंगवलेली असेल तर मुलांपासून लांब ठेवा, आणि देणाऱ्या माणसाला तिची रास्त किंमत द्या. एवढं करायची तयारी नसेल, तर नवं घेतलेलं बरं.